पाटावर सगळेच सरळ

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये राखेनं भरलेला एक जुना तेलाचा डबा होता आणि राखमामा त्या डब्यात लोखंड झोपवत असत. ‘झोपवणं’ हा शब्द त्यांचाच. बिडाचं तुटकं चाक असो की कुणाच्या मोटारपंपाचं तडकलेलं झाकण, वेल्डिंग झालं की मामा ते चिमट्यात धरून राखेत पुरायचे, वर आणखी दोन ओंजळी राख लोटायचे आणि शेजारी स्टूल घेऊन बसायचे. बिडी, तंबाखू, सुपारी, कसलंच व्यसन त्यांना नव्हतं. वाट पाहणं हे एकच व्यसन होतं, आणि ते आमच्यासारख्या घाईच्या माणसांना फार जाचायचं.

राख घरून यायची. हिवरा आश्रमाच्या पुढे दोन कोसांवर त्यांचं गाव. घरी गॅस आला होता, पण मामींनी भाकरीपुरती चूल ठेवली होती, आणि मामांच्या मते ती भाकरीपुरती नव्हतीच, राखेपुरती होती. सकाळच्या एसटीत त्यांच्या एका हातात जेवणाचा डबा आणि दुसऱ्या हातात राखेची पिशवी असायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, “मामा, रोज रोज कोणाच्या अस्थी घेऊन चालले?” मामा म्हणाले, “अस्थी नाही रे बाप्पा, लोखंडाची गोधडी हाये.” तेव्हापासून त्या गाडीत त्यांना राखमामा म्हणत, आणि गाडीतून ते नाव आमच्या कॉलेजात आलं.

चिखलीच्या स्टँडसमोर रसवंती चालवणारा एक जण ऐन एप्रिलात चरकाचं फुटकं चाक घेऊन आला होता. मामांनी आधी चाक भट्टीत ठेवून तापवलं, मग जोड भरला, मग राखेत पुरलं. रसवंतीवाला घायकुतीला आला. “मामा, द्या न आता. गिऱ्हाईक उभं हाये तथी.”

“उभं हाये तं बसव त्याले.”

“थोडं पाणी टाका न वरतून, लगेच थंड होईन.”

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या बाळंतिणीच्या अंगावर त्यानं गार पाणी ओतायला सांगितलं असावं. “लोखंड तापते तवा फुगते, थंड होते तवा आकसते,” ते म्हणाले. “सगळं संग आकसलं तं काही नाही. एक जागा लवकर अन् एक जागा उशिरा आकसली, का मंग ओढाताण. अन् ओढाताण झाली का एक तं ते वाकते, नाही तं तडकते. उद्या ये.” रसवंतीवाला पाय आपटत गेला आणि दुसऱ्या दिवशी मामांसाठी रसाचा कॅन घेऊन आला. आम्हा सगळ्यांना तो रस मिळाला.

हुद्द्यानं मामा परिचर होते. म्हणजे कागदावर सामान काढणं, ठेवणं, झाडणं. मी व्याख्याती. मूळची मी मेहकरची, पण सहा वर्षं पुण्यात शिकून आले होते आणि तिथं पहिल्याच महिन्यात मैत्रिणींनी माझ्या ‘मले-तुले’ला हसून हसून माझी भाषा पार सरळ करून टाकली होती. मामांना त्याची मोठी गंमत वाटे. “मॅडम, तुमची बोली इस्त्री केल्यासारखी हाये,” ते म्हणायचे, “चुरगळन म्हून भेव वाटते बोलाचं.” सकाळी आल्या आल्या ते मला “जय भीम, मॅडम” म्हणत. मी “नमस्कार, मामा” म्हणे. हेही माझ्या इस्त्रीतच बसत होतं, आणि त्यात काही चुकतं आहे असं मला कधी वाटलं नाही.

मग ते मशीन आलं. अनुदानातून मिळालेलं, धातूची वस्तू थरावर थर चढवून तयार करणारं. आमच्या भागात तेव्हा तसं दुसरं नव्हतं. काचेच्या पेटीत लोखंडी पूड पसरायची, पिठासारखी बारीक. तिच्यावर लेझरचा किरण फिरायचा. किरण जिथून जाईल तिथली पूड वितळून गोठायची. मग पुन्हा पुडीचा पातळ थर, पुन्हा किरण. असे हजारो थर चढले की खाली जाड पोलादी प्लेटवर वस्तू उभी राहायची. मी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि मशीनला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा फतवा काढला होता. मामा काचेशी नाक लावून उभे राहत. “लोखंडाची रांगोळी,” ते पहिल्या दिवशी म्हणाले. “मॅडम, हे पाहाले भेटलं, लई झालं.” खालच्या प्लेटला त्यांनी ‘पाट’ असं नाव दिलं. आठवड्याभरात सगळं कॉलेज पाट म्हणायला लागलं, मीसुद्धा.

माझा पहिला तुकडा होता हाताएवढी एक साधी चौकट. मी तिचे फोटो काढायला मोबाईल घेऊन तयार होते. पेटी उघडली तर चारही कोपरे पाटावरून सुटून वर उचललेले. मी सगळे आकडे तपासले, किरणाची ताकद कमी केली, वेग वाढवला. दुसरी चौकटही तशीच. तिसऱ्या वेळी तर वर आलेला कोपरा पूड पसरणाऱ्या पात्याला अडकला आणि मशीन मध्येच बंद पडलं. मामा मागे उभे होते. “पापड झाला,” ते म्हणाले.

मी चिडले. “मामा, हे वेल्डिंग नाही.”

“नाही कसं? वितळवते न? गोठवते न? मंग वेल्डिंगच हाये. बारकं वेल्डिंग, लाख टाक्याचं.” मग त्यांनी मला पापड समजावला. “पापड उन्हात काऊन वाकडा होते? वरून सुकते, आकसते. खालून ओला रायते, तो काही आकसत नाही. वरचा ओढते, खालचा सोडत नाही. काठ वर येतेत. तुमचं बी तेच. वरचा थर गरम, खालचा थंड होऊन बसेल. वरचा थंड होता होता ओढते. एक थर ओढते तं काही नाही, पण हजार थर ओढतेत मॅडम.”

“मग काय करायचं?”

“पाट आधी तापवा. थंड्या पाटावर कोणी जेवाले बसवते का? अन् हा किरण एका दमात इकून तिकडं लांब ओढून राह्यला, ते बंद करा. मी गेट वेल्ड करतो तवा एक टाका इकडं, एक तिकडं. लहान लहान चौकट्या पाडा. एका थरात आडवं गेलं तं दुसऱ्यात तिरपं जा. ओढाताण वाटल्या गेली पायजे.”

हे सगळं माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत होतं. इंग्रजीत होतं, आकृत्यांसकट. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं. मामांनी पापडावरून सांगितलं तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसलं. मी पाट तापवला, किरणाची वाट चौकटींमध्ये तोडली, दर थराला दिशा फिरवली. चौथी चौकट पाटावर गुमान बसून राहिली.

त्यावर मी एक निबंध लिहिला आणि नागपूरच्या एका परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. परत आले तर मामा वर्कशॉपच्या दारातच होते. “झालं का मॅडम? आपल्या पापडाचं सांगतलं का?”

“हो, सांगितलं,” मी म्हटलं.

सांगितलं नव्हतं. निबंधाच्या शेवटी मी प्राचार्यांचे, विभागप्रमुखांचे, मशीन विकणाऱ्या कंपनीचे आभार मानले होते. मामांचं नाव घालावं असं एकदा मनात आलं होतं, पण त्यांच्या नावापुढे हुद्दा काय लिहायचा या विचारात ते राहून गेलं. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मामा त्या दिवशी इतके खूश झाले, की त्यांनी दुपारी मामींनी दिलेला ठेचा अर्धा माझ्या डब्यात वाढला. मी तो खाल्ला.

मामांचं दुसरं म्हणणं होतं, की कुठलंही काम पाटावरून उतरवायची घाई करू नये. चौकट पाटावर सरळ दिसते, कारण पाटानं तिला धरून ठेवलेलं असतं. ताण आत तसाच असतो. तो काढायचा तर पाटासकट भट्टीत ठेवायचं, सावकाश तापवायचं, तसंच काही वेळ ठेवायचं आणि भट्टीचं दार न उघडता सावकाश थंड होऊ द्यायचं. मग कापायचं. “पाटावर बसेल हाये तोवर नवरदेव बी सरळच दिसते,” मामा म्हणायचे. “उतरल्यावर कळते कसा हाये तो.” मुली खिदळायच्या, मुलं माना खाली घालायची. भट्टीशेजारी एक वही टांगलेली असे. काम काय, आत कधी ठेवलं, बाहेर कधी काढलं, हे मामा ठसठशीत अक्षरात लिहीत आणि शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी तेच चार शब्द घालत : ‘पूर्ण थंड झाल्यावर काढले.’ ती वही भरली की नवी यायची. मामा तीस वर्षं त्या वह्या भरत आले होते.

मामांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा चिखलीचे एक कारखानदार आमच्याकडे आले. ते पेरणी यंत्रं बनवत. त्यांच्याकडे एका परदेशी पेरणी यंत्राचा एक हात तुटून आला होता. वीतभर लांब, पातळ, बाकदार, आणि दोन्ही टोकांना एकेक भोक. दोन्ही भोकांतून एकच दांडा जायचा होता. एक टोक केसभर हललं तरी दांडा अडला असता. तो भाग बाजारात मिळत नव्हता, आणि पेरणी तोंडावर आलेली. प्राचार्यांनी संधी पाहिली. अनुदान समिती येणारच होती. समितीसमोर हा हात यंत्राला बसवून दाखवायचा असं ठरलं. “हे जमलं तर आपल्याला मोठं केंद्र मिळतं,” प्राचार्य म्हणाले, “आणि मामा, तुम्हाला मी आणखी दोन वर्षं या मशीनवर ठेवून घेतो. तसा प्रस्तावच टाकतो.”

त्या दिवशी मामांनी मशीनची काच दोनदा पुसली. तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेली कामं केलेला माणूस, पण स्वतःसाठी मागितलेली गोष्ट ही एकच. “मॅडम, दोन वर्स भेटले,” ते मला म्हणाले, “तं मी हे चालवाले शिकतो. तुमी शिकवसान न?” मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

हात मंगळवारी दुपारी पूर्ण झाला. मोठा देखणा झाला होता. समिती गुरुवारी यायची, म्हणजे बुधवारचा अख्खा दिवस भट्टीला होता. आणि मंगळवारी संध्याकाळी फोन आला, की समिती उद्याच येते आहे, सकाळी अकराला.

बुधवारी मी आठला पोचले. मामा माझ्या आधी येऊन भट्टी झाडून बसले होते. मी म्हटलं, “मामा, भट्टी राहू द्या. तसंच कापू.”

“तसंच नोका कापू मॅडम. उचलन ते. पातळ हाये, लांब हाये.”

“आपण इतका पाट तापवला, चौकटी पाडल्या. आता कितीसा ताण राहिला असेल?”

“थोडा राह्यला असन. पण दांडा थोड्यानंच अडते. पाटासकट दाखवा न त्याहिले. पाटावरच दांडा घालून दाखवा. सांगा, काम अजून थंड झालं नाही, उद्या उतरते. मोठे लोक हायेत, समजतीन.”

ते बरोबर होते. आणि मला तेव्हाही ते बरोबर आहेत हे कळत होतं, इथंच तर सगळी गोम आहे. मला पाटासकट दाखवायचं नव्हतं. समितीच्या अध्यक्षांच्या तळहातावर मला तो चकचकीत हात सुटा ठेवायचा होता. मी तशी कल्पना करून ठेवली होती. कुठली साडी नेसायची तेही ठरवलं होतं. मामांनी दुसऱ्यांदा सांगितलं, “मॅडम, एक दिवस.” मी म्हटलं, “मामा, भट्टी लावायची नाही. मी सांगते ते करा.” हा आवाज मी त्यांच्याशी कधी लावला नव्हता. त्यांनी भट्टीच्या खटक्यावरून हात काढला.

समिती अकराला आली. मी सगळ्यांना करवतीपाशी नेलं, म्हणजे कापतानाही त्यांना पाहता यावं. करवतीचं पातं पाटाच्या कडेनं सरकत गेलं, आणि शेवटचा आधार तुटला तसा ‘टक’ असा आवाज झाला. हात पाटावरून उडाल्यासारखा वर आला. दोन्ही टोकं वर. एखाद्याला नुसत्या डोळ्यांनी दिसावं एवढं. कारखानदारांनी दांडा एका भोकात घातला. दुसऱ्या भोकाशी तो काठावर थांबला. त्यांनी थोडा जोर लावला, मग थांबले आणि दांडा हळूच टेबलावर ठेवला.

“काय झालं?” प्राचार्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “सर, भट्टीत ठेवायचा राहिला. मी मामांना सांगितलं होतं.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मी चार वर्षं आठवते आहे. ते अडखळलं नाही. सरळ, स्वच्छ, इस्त्रीची घडी असल्यासारखं गेलं. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा करवतीमागे कापसाच्या बोळ्यानं हात पुसत उभे होते. अध्यक्ष जरा हसूनच म्हणाले, “काय मामा, विसरलात?”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राखेच्या डब्याकडे पाहत तसं.

“भट्टी लागली नाही साहेब,” ते म्हणाले.

हे खरंच होतं. भट्टी लागली नव्हती. ती कोणी लावू दिली नाही, एवढं त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. माझ्या शब्दाला एवढं वजन का आलं आणि परिचराच्या गप्प बसण्याचा लगेच गुन्हा का झाला, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी याच जिल्ह्यात वाढले आहे.

प्राचार्यांनी भट्टीच्या वहीत नोंद करून पाठवायला सांगितलं. मी लिहिलं : ‘परिचराच्या दुर्लक्षामुळे भट्टी लावली गेली नाही.’ खाली सही केली, वही मिटून टेबलावर ठेवली. मुदतवाढीचा प्रस्ताव गेलाच नाही. आठ दिवसांनी मी तोच हात पुन्हा केला. या वेळी मामांनी तो पाटासकट भट्टीत ठेवला, दुसऱ्या दिवशी काढला, कापला, आणि दांडा दोन्ही भोकांतून लोण्यातून जावा तसा गेला. कारखानदार यंत्र घेऊन आनंदानं गेले. पण समिती पुन्हा येणार होती ती पुढच्या वर्षी, आणि मामा जूनअखेर निवृत्त झाले.

निरोप समारंभात भाषण मीच केलं. शाल, श्रीफळ, आणि “मामा म्हणजे आमच्या वर्कशॉपचा आत्मा” वगैरे वगैरे. बोलता बोलता मी डोळे पुसले, आणि बायका म्हणाल्या, मॅडमचा किती जीव होता मामांवर. मामा बोलायला उठलेच नाहीत. जाताना त्यांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावून राखेचा डबा दाखवला. “हा अथीच ठेवतो. राख ओली होऊ देऊ नोका. पावसाळ्यात बदलत जा.” मी मान हलवली. ते थोडा वेळ तसेच थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेत. मग निघून गेले. ते कशासाठी थांबले होते हे मला कळलं होतं, आणि मी दिव्यांची बटणं बंद करण्यात मन घातलं.

पुढं केंद्र आलं. मी विभागप्रमुख झाले. त्या खुर्चीत मी ताठ बसते असं लोक म्हणतात. वर्गात मी पाट शिकवते, पापड शिकवते, नवरदेवाचा विनोदही सांगते. ‘आमचे एक मामा म्हणायचे’ असं म्हणते आणि पुढं सरकते. राख मात्र मी बदलत आले. कॉलेजजवळच्या एका खानावळीतून आणते. त्यानं फरक पडत नाही हे मला माहीत आहे.

गेल्या फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या केबिनमध्ये आली. हातात वाकलेला तुकडा. “मॅडम, माझी चूक झाली,” ती म्हणाली. “मी घाई केली, भट्टीत ठेवलंच नाही. परत करून देते.” एवढंच. पंधरा सेकंदही लागले नसतील. ती गेली आणि मी दार लावून घेतलं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात पेरणी यंत्राचा तो वाकलेला हात होता. मी तो फेकला नव्हता. का, ते सांगता येणार नाही.

रविवारी मी मेहकरच्या एसटीत बसले, हिवरा आश्रमाला उतरले आणि तिथून जीपनं मामांच्या गावी गेले. मामींनी अंगणात बाजेवर पापड घातले होते. मामा ओसरीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. तीस वर्षं वेल्डिंगच्या उजेडात काढलेले डोळे, एक ऑपरेशन होऊनही फारसं दिसत नव्हतं.

“जय भीम, मामा,” मी म्हटलं.

“कोण, मॅडम?” त्यांनी आवाजावरून ओळखलं. “जय भीम, जय भीम. या. अवं, पाणी आण, मॅडम आल्या.”

मी एसटीत सगळी वाक्यं जुळवली होती. चांगली वाक्यं होती. ओसरीत बसल्यावर त्यातलं एकही आलं नाही. आली ती माझी मेहकरची भाषा, पुण्यात टाकून दिलेली. “मामा, मी खोटं बोलली होती. भट्टी मीच लावू नाही देल्ली. अन् नाव तुमचं सांगतलं.”

“मले मालूम हाये न,” मामा म्हणाले. “मी तथीच उभा होतो.”

“मंग तुमी बोलले काऊन नाही?”

“तुमी तवा लई गरम होत्या मॅडम. गरम कामाले हात लावते का कोणी? म्हटलं, थंड होऊ द्या, मंग सोताच येतीन. मले वाटलं आठ-पंधरा दिवसात येतीन. तुमाले चार वर्सं लागले.”

ते हसून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. हसले नाहीत. मी तो वाकलेला हात पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बोट फिरवलं, सावकाश, दोनदा. “दोन वर्स भेटले असते मले त्या मशीनवर,” ते म्हणाले. “तवा डोळे चांगले होते.”

मी रडले. मामी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या, मग आत गेल्या. मामांनी मला रडू दिलं. ते वाट पाहण्यात तरबेजच होते. मग म्हणाले, “एक करजा. भट्टीच्या वहीत माह्यापुढं ‘दुर्लक्ष’ लिहेल हाये. तीस वर्सात तेवढा एकच शब्द. तो खोडजा.”

“तुमाले कसं माहीत?”

“वही सायबाच्या केबिनात मीच नेऊन देल्ली न, तुमी लिहिल्यावर. वाचता येते मले.”

सोमवारी मी आधी प्राचार्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, जुनी गोष्ट आहे. मामाही आता निवृत्त. तुम्ही तरी कशाला उकरून काढता?” मग मी वही शोधायला गेले. भट्टीची वही नवी होती. त्याआधीचीही तिथं होती. मला हवी होती ती, आणि तिच्याबरोबरच्या सगळ्या जुन्या वह्या, गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या होत्या. त्या रद्दीच्या यादीवर सही माझीच होती.

संध्याकाळी मामांचा फोन आला. “लिहिलं का मॅडम?”

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांना दिसत नव्हतं, आणि ते पाहायला येणारही नव्हते. पापडाचं सांगितलं का, याला मी असंच हो म्हटलं होतं.

“नाही मामा,” मी म्हटलं. “वही रद्दीत गेली.”

मग मामा म्हणाले, “मंग दुसऱ्या कोठं लिहा. पण लिहा.”

म्हणून हे लिहिलं आहे. नोंद अशी : काम, पेरणी यंत्राचा हात, एक नग. भट्टीत ठेवले, नाही. कारण, परिचरांनी दोनदा सांगितले, मी ठेवू दिले नाही, आणि विचारल्यावर त्यांचे नाव घेतले. खाली माझी सही आहे. शेऱ्याच्या रकान्यात मामा जे चार शब्द लिहीत, ते मला लिहिता येत नाहीत. अजून थंड झालेलं नाही.